लास वेगासमध्ये दोनच कंपन्या उरल्या, हा राग किती खरा?

तुम्ही विचारलंय की आईबाबांना घेऊन डिसेंबरात लास वेगासला जायचंय, आईचे गुडघे दुखतात, पण जिथे वाचावं तिथे लोक लिहितात, "दोन कंपन्यांनी अख्खी स्ट्रिप (कॅसिनो-हॉटेलांचा मुख्य रस्ता) गिळली, आता तिथे नुसती लूट आहे." यात तथ्य किती, आणि आपल्या खिशावर त्याचा काय परिणाम होतो? मी १९९६ साली कॉमडेक्स या कॉम्प्युटर प्रदर्शनासाठी पहिल्यांदा तिथे गेलो. नंतर कधी कामासाठी, कधी भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन बऱ्याच फेऱ्या झाल्या. हे शहर मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. राग खरा आहे, पण त्याची जी कारणं लोक देतात त्यातली निम्मी चुकीची आहेत.

मंडाले बेपासून उत्तरेकडे चालायला लागा. मंडाले बे, लक्सर, एक्सकॅलिबर, न्यूयॉर्क-न्यूयॉर्क, समोरचं एमजीएम ग्रँड, मग पार्क एमजीएम, आरिया, कॉस्मोपॉलिटन, बेलाजिओ. हे सगळं एमजीएम ही कंपनी चालवते. आता रस्ता ओलांडा. प्लॅनेट हॉलिवूड, पॅरिस, हॉर्सशू, क्रॉमवेल, फ्लेमिंगो, लिंक, हॅराज आणि अलीकडच्या बाजूचं सीझर्स पॅलेस. हे सगळं सीझर्स या दुसऱ्या कंपनीचं. पाट्या वेगळ्या, सजावट वेगळी, कुठे पिरॅमिड तर कुठे आयफेल टॉवर, पण चालवणारे दोनच. विन, व्हेनेशियन, ट्रेझर आयलंड, रिसॉर्ट्स वर्ल्ड, फाँटेनब्लो, सहारा अशी काही नावं या दोघांच्या बाहेर आहेत, पण ती बहुतेक उत्तरेच्या टोकाला.

हे एका रात्रीत झालं नाही. २००० साली एमजीएमने कॅसिनोमालक स्टीव्ह विनची मिराज रिसॉर्ट्स कंपनी कर्जासकट सुमारे ६४० कोटी डॉलरला घेतली. दोन वर्षांपूर्वीच उघडलेलं बेलाजिओ त्यातच आलं. २००५ मध्ये तर कहरच झाला. एप्रिलमध्ये एमजीएमने मंडाले ग्रुप घेतला आणि जूनमध्ये हॅराजने सीझर्स घेतली (हॅराजनेच पुढे सीझर्स हे नाव लावलं). एकाच वर्षात एवढे दोन मोठे सौदे झाले आणि दोन्ही मंजूर झाले. हे वाचलं की मला १९६८ आठवतं. तेव्हा हॉवर्ड ह्यूजेस या अब्जाधीशाने वर्ष-दीड वर्षात एकामागून एक कॅसिनो घेतले होते. तो स्टारडस्ट घ्यायला निघाला तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीचं कारण देऊन अडवलं. त्या वेळी एका कॅसिनोवरून सरकार आडवं आलं आणि २००५ मध्ये अर्धी स्ट्रिप दोघांच्या हातात गेली तरी ते हललं नाही. २०२० मध्ये रिनोच्या एल्डोराडो कंपनीने सुमारे १,७३० कोटी डॉलरला सीझर्स घेऊन तिचंच नाव लावलं. तेव्हा केंद्रीय व्यापार आयोगाने लेक टाहो आणि लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टजवळचा एकेक कॅसिनो विकायला लावला. लास वेगासला हात लावला नाही.

आता खिशाकडे येतो. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही स्ट्रिपवरच्या एका हॉटेलात उतरलो होतो. खोलीतला एसी बंद, जुलै महिना, आणि काउंटरवर तासभर रांग. बायको म्हणाली, चल, दुसरीकडे जाऊ. बॅगा ओढत पूल ओलांडून पलीकडच्या हॉटेलात गेलो, तर तिथल्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "तुमचं मेंबरशिप कार्ड आहे ना?" कार्ड तेच. आम्ही ज्या कंपनीवर रागावून निघालो होतो, तिच्याच दुसऱ्या दारात उभे होतो.

माझ्या मते खरं नुकसान हेच आहे. पूर्वी एका कॅसिनोने खेळाचा नियम वाईट केला की गिऱ्हाईक रस्ता ओलांडून शेजाऱ्याकडे जायचं, आणि त्या भीतीने मालक स्वतःला आवरायचा. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराचंच घ्या. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचं पान आलं की १५ डॉलरच्या पैजेवर पूर्वी साडेबावीस डॉलर मिळायचे, म्हणजे ३:२. आता कमी पैजेच्या बहुतेक टेबलांवर ६:५ लिहिलेलं असतं, म्हणजे १८ डॉलर. असा हात साधारण २१ डावांत एकदा येतो. तासाला साठेक डाव खेळलात तर सुमारे तेरा डॉलर नुसत्या या बदलापायी गेले, आणि कॅसिनोचा मूळ फायदा वेगळाच. पार्किंग स्ट्रिपवर कायम फुकट असायचं. २०१६ मध्ये एमजीएमने पैसे लावले, आणि गिऱ्हाईक ओढून घ्यायची संधी सोडून काही महिन्यांत सीझर्सनेही लावले. शेजारी खरोखर स्पर्धक असता तर त्याने "आमच्याकडे फुकट" अशी पाटी लावली असती.

पण तीन शून्यांचं रूलेट (आकड्यांच्या चाकाचा जुगार) स्ट्रिपवर पहिल्यांदा मांडलं ते व्हेनेशियनने, २०१६ मध्ये, आणि ते या दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. एका शून्याच्या चाकावर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दोन शून्यांवर ५.२६ आणि तीनवर ७.६९. म्हणजे हाव काही या दोघांची मक्तेदारी नाही. ती सगळीकडे असते, फक्त तिला आवरायला शेजारी लागतो.

दुसरं मत नेहमी ऐकू येतं, विशेषतः जुन्या अमेरिकन मंडळींकडून: "माफियाच्या काळात बरं होतं. जेवण स्वस्त, दारू फुकट, मालक नावाने ओळखायचा." मला हे अजिबात पटत नाही. त्या काळात मोजणीच्या खोलीतूनच रोकड गायब व्हायची. १९६० च्या मार्चपर्यंत स्ट्रिपवरच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता. मंचावर गाणाऱ्या कलाकारालाही त्याच हॉटेलात राहता येत नसे. आपल्यासारख्या सावळ्या माणसाने त्या काळासाठी हळहळावं हे मला समजत नाही. आणि कंपन्यांना बोलावून आणलं ते नेवाडा राज्यानेच. पूर्वी प्रत्येक भागधारकाला परवाना लागायचा, त्यामुळे शेअर बाजारातली कंपनी कॅसिनोत शिरूच शकत नव्हती. १९६७ आणि १९६९ मध्ये कायदा बदलला, कारण गुन्हेगारांपेक्षा हिशेब दाखवणाऱ्या कंपन्या परवडल्या, असं तेव्हाच्या लोकांचं मत होतं. ते चूक नव्हतं.

कामगारांचं म्हणणं तर याहून वेगळं आहे, आणि ते आपल्या कानावर फारसं येत नाही. तिथल्या खोल्या झाडणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या साठेक हजार लोकांची कलिनरी युनियन आहे. त्यांचा सगळ्यात कडवा संप कुठे झाला? फ्रंटियरमध्ये, म्हणजे एका कुटुंबाच्या मालकीच्या कॅसिनोत. सप्टेंबर १९९१ ते जानेवारी १९९८, सहा वर्षांहून जास्त. साडेपाचशे लोक पाळ्या लावून फाटकाबाहेर उभे राहिले आणि एकही जण फुटून कामावर गेला नाही. फिल रफिन नावाच्या उद्योजकाने फ्रंटियर विकत घेतलं आणि करार केला, तेव्हा कुठे तो संप मिटला. उलट २०२३ मध्ये युनियनला एमजीएम, सीझर्स आणि विन या तीनच कंपन्यांशी बोलायचं होतं. फॉर्म्युला वनची शर्यत आठवड्यावर आली असताना तीन दिवसांत तिन्ही करार झाले, पाच वर्षांत सुमारे ३२ टक्के वाढ. समोर मालक थोडे असले की त्यांचा दरारा वाढतो, पण एका संपात त्यांचं सगळंच अडकतं. खोली साफ करायला आलेल्या बाईंशी दोन शब्द बोलून पाहा. "दोन कंपन्या वाईट" इतकं सरळ उत्तर त्या देणार नाहीत.

ज्या गोष्टीवर लोकांनी खरं चिडायला हवं, तिच्याबद्दल फार कमी जण बोलतात. यातल्या बऱ्याच हॉटेलांची जमीन आणि इमारती आता या कंपन्यांच्या नाहीतच. २००८ मध्ये दोन गुंतवणूक कंपन्यांनी हॅराज सुमारे ३,००० कोटी डॉलरला घेतली, बरीचशी कर्ज काढून, आणि नेमकी त्याच वर्षी मंदी आली. २०१५ मध्ये तिच्या मुख्य शाखेने १,८०० कोटींच्या कर्जासकट दिवाळखोरी जाहीर केली. त्यातून २०१७ मध्ये व्हिची नावाची कंपनी निघाली. ती कॅसिनो चालवत नाही, फक्त घरमालक आहे. २०२२ मध्ये तिने व्हेनेशियनची जागा घेतली आणि एमजीएमची जमीन सांभाळणारी कंपनीही घेतली. आज सीझर्स पॅलेस, एमजीएम ग्रँड, मंडाले बे आणि व्हेनेशियन, जे एकमेकांचे स्पर्धक म्हणवतात, ते सगळे एकाच घरमालकाचे भाडेकरू आहेत. वर कर, विमा आणि डागडुजी भाडेकरूच्याच गळ्यात. धंदा मंदावला तरी भाडं ठरल्याप्रमाणे वाढतंच. बाटलीबंद पाण्याचा आणि कॉफीचा भाव बघून आपण मॅनेजरला शिव्या घालतो, पण त्याच्या डोक्यावर हे भाडं असतं.

लोकांची नाराजी आता आकड्यांत दिसू लागली आहे. २०२४ मध्ये साधारण ४ कोटी १७ लाख लोक आले होते, २०२५ मध्ये ३ कोटी ८५ लाखांच्या आसपास. पूर्ण दोष महागाईला देता येणार नाही, कारण कॅनडातून येणारे राजकारणापायी रागावून घरी बसले होते. कोर्टातून मात्र ग्राहकांच्या हाती काही लागलं नाही. स्ट्रिपवरची हॉटेलं एकाच सॉफ्टवेअरच्या सल्ल्याने दर फुगवतात, असा दावा काही ग्राहकांनी केला होता. तो २०२४ मध्ये फेटाळला गेला आणि २०२५ मध्ये अपीलातही टिकला नाही.

तर तुमच्यासाठी. १२ मे २०२५ पासून हॉटेलांना रिसॉर्ट फी (खोलीच्या भाड्यावर लावलेलं सक्तीचं शुल्क) धरूनच दर दाखवावा लागतो, त्यामुळे तुलना सोपी झाली आहे. सरकारी कर मात्र वर लागू शकतो. फी गेलेली नाही, फक्त लपवता येत नाही. तुलना करताना ट्रेझर आयलंड नक्की बघा, ते या दोघांचं नाही. त्याचा मालक तोच फिल रफिन. वडिलांना पत्त्यांची हौस असेल तर एक संध्याकाळ डाउनटाउनला, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, एल कोर्टेझ कॅसिनोत जा. छत बुटकं आहे, थाट नाही, पण तिथे ३:२ चा ब्लॅकजॅक अजून सापडतो. टेबलाच्या कापडावर किंवा पाटीवर ते लिहिलेलं असतं. वाचल्याशिवाय बसू नका. आईच्या गुडघ्यांचं म्हणालात, तर स्ट्रिपवरची अंतरं फसवी आहेत. शेजारी दिसणारं हॉटेल वीस मिनिटं लांब निघतं. बेलाजिओची कारंजी आणि फ्लेमिंगोच्या मागच्या बागेतले पक्षी बघायला पैसे पडत नाहीत, आणि दोन्ही जवळजवळ आहेत.

तारखा अजून ठरल्या नसतील तर डिसेंबरचा पहिला आठवडा-दहा दिवस टाळा. रोडिओची (उधळत्या घोड्या-बैलांवर स्वार होण्याच्या खेळाची) राष्ट्रीय स्पर्धा असते आणि खोल्या महागतात. ती संपल्यापासून नाताळपर्यंतचे दिवस शहर सगळ्यात शांत असतं आणि दरही बरेच उतरतात. मी माझ्या आईबाबांना त्याच दिवसांत नेलं होतं.