‘राजनिष्ठ’ नव्हे, आणि ‘एकीकरणवादी’ तर मुळीच नव्हे

प्रश्न असा आहे: उत्तर आयर्लंडमधल्या ‘लॉयलिस्ट’ना मराठीत ‘राजनिष्ठ’ म्हणावे का, आणि ‘युनियनिस्ट’ म्हणजे ‘एकीकरणवादी’ ना?

दुसरे आधी निकालात काढतो, कारण ते वाचले की डोके उठते. आयर्लंडचे एकीकरण हवे असते ते समोरच्या, राष्ट्रवादी बाजूला. युनियनिस्टांना ब्रिटनशी असलेली जोड टिकवायची असते, आणि लॉयलिस्ट म्हणजे त्यांच्यातलेच कट्टर, बहुतेक प्रोटेस्टंट कामगार. ‘एकीकरणवादी’ लिहिले की बिचारे थेट विरोधकांच्या छावणीत जाऊन बसतात. ‘संघनिष्ठ’ही नको, मराठी वाचक भलत्याच संघाकडे वळेल.

आता ‘राजनिष्ठ’. टिळकांवर राजद्रोहाचे खटले चालले तेव्हापासून आपल्याकडे या शब्दाला सरकारपुढे मान तुकवण्याचा वास आहे. बेलफास्टच्या जहाजगोदीत राबणारा लॉयलिस्ट मान तुकवणारा नव्हे. २८ सप्टेंबर १९१२ चे अल्स्टर प्रतिज्ञापत्र पाहा. सही करणारे स्वतःला पाचव्या जॉर्जचे निष्ठावान प्रजाजन म्हणवतात आणि त्याच दमात, त्याच राजाच्या सरकारने आणलेले होमरूल, म्हणजे आयर्लंडला स्वतःची संसद देण्याची योजना, लागतील त्या सर्व मार्गांनी हाणून पाडू, असे बजावतात. स्त्रियांचे घोषणापत्र वेगळे होते. दोन्ही मिळून ४ लाख ७० हजारांहून जास्त सह्या! मे १९७४ मध्ये १४ दिवसांचा संप झाला. कामगारांचाच, पण पगारासाठी नव्हे: विजेचे उत्पादन घटवून त्यांनी प्रोटेस्टंट युनियनिस्ट आणि कॅथलिक राष्ट्रवादी या दोन्ही समाजांचे संयुक्त सरकार पाडले.

यात विसंगती दिसत असेल तर शब्दाची मुळी पाहा. ‘लॉयल’ हा ‘लीगल’चा सख्खा भाऊ. दोघेही लॅटिन ‘लेक्स’चे, म्हणजे कायद्याचे वंशज, ‘लॉयल’ तेवढा जुन्या फ्रेंचमधून फिरून आला. म्हणजे ही भक्ती नव्हे, करार. राजाने अटी पाळल्या नाहीत तर प्रजाही मोकळी.

पण खरी गंमत आपल्या ‘निष्ठे’त आहे. नि + स्था. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, अर्थ दिला आहे: ‘ष्ठा गतिनिवृत्तौ’, गती थांबणे! ‘नॉट ॲन इंच’ (एक इंचही हटणार नाही) या लॉयलिस्टांच्या घोषणेचे याहून नेमके भाषांतर मला तरी सुचत नाही. ‘स्टेटस को’ (जैसे थे) मधला ‘स्टेटस’सुद्धा याच धातूच्या गोतावळ्यातला. शिवाय पाणिनी ‘क्तक्तवतू निष्ठा’ म्हणतो: ‘गत’, ‘कृत’ अशा भूतकाळवाचक कृदन्तांच्या प्रत्ययांचे नावच निष्ठा. १६८९ चा डेरीचा वेढा आणि १६९० ची बॉइनची लढाई हे कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सविरुद्धचे प्रोटेस्टंटांचे विजय दर वर्षी मिरवणुकीने साजरी करणाऱ्यांना हे किती चपखल बसते! डिसेंबर २०१२ मध्ये बेलफास्टच्या नगरपालिकेने सभागृहावरचा युनियन जॅक रोज न लावता ठरावीक दिवशीच लावायचे ठरवले, तर लोक कित्येक आठवडे रस्त्यावर होते. गतिनिवृत्ती ती हीच. व्याकरणातली संज्ञा राजकारणाला लावू नये, असे पंडित म्हणतील. म्हणोत, दोन्हींत ‘झाले ते पक्के झाले’ हाच भाव आहे.

तेव्हा ‘ब्रिटननिष्ठ’ लिहा, किंवा सरळ ‘लॉयलिस्ट’. आणि बेलफास्टमधल्या त्या वस्तीचे नाव ‘शँकहिल’ नको, ‘शँकिल’ लिहा. त्या नावात टेकडीबिकडी काही नाही. लॉयलिस्टांच्या या बालेकिल्ल्याचे नाव आयरिश भाषेतले आहे, ‘शान खिल’, म्हणजे जुने चर्च.