मालक ‘नाळे बा’ म्हणतोय तर

बाळा,

तुझा मेसेज परवा रात्री पावणेबाराला आला, म्हणजे सेकंड शिफ्ट सुटून तू बस चुकवून बेळगावबाहेर मच्छेच्या फाट्यावर कुठंतरी उभा असणार. "काका दोन महिने पगार नाही, ओटी (ओव्हरटाइम) पण सिंगलनंच देतात, विचारलं की अकाउंटवाला नाळे बा म्हणतोय, काय करू." उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही आणि फोनवर तू नुसतं हं हं करतोस.

आधी त्या ‘नाळे बा’चं सांगतो. मध्ये एक काळ असा होता की कर्नाटकात गावोगाव लोक दारावर नाळे बा लिहून ठेवायचे, उद्या ये म्हणून. रात्री भूत येतं, दार वाजवतं, ते वाचतं आणि परत जातं, दुसऱ्या रात्री परत येतं, परत तेच वाचतं. तुझ्या कंपनीनं अकाउंटच्या दारावर तेच लिहिलंय आणि भूत तुला केलंय, एवढंच. आधी गणपतीनंतर म्हणाले असतील, मग दसरा, मग पार्टीचं पेमेंट अडकलंय. पार्टीचं पेमेंट खरंच अडकतं रे, मी नाही म्हणत नाही, उद्यमबागेत निम्मी वर्कशॉपं त्या पेमेंटवरच जगतात, पण वीजबिल थकलं की लाइन कट होते म्हणून ते बरोबर भरतात, आणि तुझा पगार थकला तर तू दुसऱ्या दिवशी परत कामाला येतोस म्हणून तो शेवटी राहतो.

आता एक गोष्ट सांगतो जी मी तुला कधी सांगितली नाही. तुला वाटतं मी टाइम ऑफिसला होतो म्हणजे कामगारांच्या बाजूचा माणूस. बावीस वर्षं मी मालकाच्या बाजूचं मस्टर लिहिलं. दोन असायची, एक कच्चं, त्यात खरी हजेरी, कोण रात्री दहापर्यंत थांबला, कोण रविवारी आला ते सगळं, आणि एक पक्कं, ते इन्स्पेक्शनला दाखवायचं, त्यात सगळ्यांची आठ तासाची हजेरी, सगळ्यांना रविवारची सुट्टी. पक्कं मी महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी एकाच पेनानं बसून लिहायचो, चहा पीत पीत. अक्षर माझं चांगलं होतं त्याचं कौतुक पण व्हायचं.

एक टर्नर होता आमच्याकडं, शहापूरचा, बोलायला अगदी गरीब. त्यानं ओव्हरटाइमचा क्लेम टाकला. मालक हसला, म्हणाला रजिस्टर आपलं आहे की. लेबर ऑफिसात तारीख लागली, मी पक्कं मस्टर घेऊन गेलो, आणि तो आला तो घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन. त्याची बायको त्यावर दुधाचा हिशोब लिहायची, अर्धा लिटर, एक लिटर, आज नाही, आणि त्याच चौकोनात खाली हा पेन्सिलनं लिहायचा, 2, 3, 2, रविवारी 8. कुठं तेलाचा डाग, कुठं खाडाखोड. ऑफिसरनं दोन्ही शेजारी ठेवून बघितली. एका तारखेला त्यानं लिहिलेलं, खाडा, मुलीला ताप. माझ्या मस्टरवर त्या दिवशी तो हजर, आठ तास. ऑफिसरनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, हा स्वतः म्हणतोय मी आलो नव्हतो, तुम्ही त्याला हजर कसं मांडलं? मी काय बोलणार. त्या एका खाड्यानं माझं अख्खं मस्टर खोटं पडलं. पुढच्या तारखेच्या आत मालकानं बसून मिटवलं.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो ते मागण्याचं नाही, लिहिण्याचं आहे. वही घाल. रोज आत कधी, बाहेर कधी, कुठल्या मशीनवर, कुणी थांबायला सांगितलं. आणि खाडा केलास, उशिरा गेलास, अर्ध्या दिवसात सुटलास तर ते पण लिही, आपल्या विरुद्ध जाणारं पण लिही, त्यानंच वहीला वजन येतं. मागचे महिने आठवून लिहायचे असतील तर वेगळ्या पानावर ‘आठवून लिहिलं’ असं लिहून लिही, रोजचं लिहिलंय असं भासवू नको, माझ्यासारखा कुणीतरी समोर बसलेला असतो आणि एका पेनानं लिहिलेलं त्याला लगेच कळतं.

वहीला आधार म्हणून बाकीचं जमव. सुपरवायझरचा व्हॉट्सॲप, "आज नाइट थांब रे डिस्पॅच आहे", तो डिलीट करू नको, स्क्रीनशॉट काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेव. प्रॉडक्शन शीटवर तुझी सही असते त्याचा फोटो. हजेरी कार्डाचा. बसचं तिकीट, त्यावर वेळ छापलेली असते, पण ती शाई दोन-चार महिन्यात उडते तेव्हा त्याचा पण फोटो. बँकेचं पासबुक भरून घे. आणि पीएफचं पासबुक ऑनलाइन बघ, तुझ्या पगारातनं 12 टक्के कापतात ते तिथं पडतात का नाही. ज्या कंपनीत पगार लांबतो तिथं बऱ्याचदा पीएफ पण कापून भरलेला नसतो, आणि तो आणखी गंभीर मामला आहे.

आता आकडा काढू. तुझा पगार 18,200, महिन्याला 26 दिवस धरले तर दिवसाचे 700, तासाचे साडेसत्त्याऐंशी. ओव्हरटाइम डबलनं असतो, म्हणजे तासाला 175. तू म्हणतोस महिन्याला 44 तास सरासरी, म्हणजे 7,700 व्हायला पाहिजेत आणि तुला सिंगलनं 3,850 मिळाले. तेवढेच राहिले. पाच महिन्याचे 19,250, आणि दोन महिन्याचा पगार 36,400. झाले 55,650. (शेवटच्या दोन महिन्यांची सिंगल ओटी पण दिली नसेल तर ती वर मिळव, ते तू लिहिलं नाहीस.) हा आकडा पाठ कर. "साहेब काहीतरी बघा की" म्हणणाऱ्याला शंभर-दोनशे उचल देऊन वाटेला लावता येतं, पंचावन्न हजार सहाशे पन्नास म्हणणाऱ्याला बसवून घ्यावं लागतं.

डबल कुठनं आलं असं तो विचारणारच. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासाच्या वर डबल होतंच, आणि आता 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर चार नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यातल्या वेज कोडमध्ये, म्हणजे पगाराच्या कायद्यात पण ओव्हरटाइम दुप्पटच आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसात सगळा हिशोब. कुणीतरी तुला सांगेल की कर्नाटकात आता बारा तासाचा कायदा आलाय, ओटी गेली. 2023 ला फॅक्टरी कायद्यात बदल झाला हे खरं, पण आठवड्याचे 48 तास तिथंच राहिले, तेव्हा सहा दिवस बारा-बारा तास राबवून वरचे तास फुकट असं कुठंच लिहिलेलं नाही. आणखी एक खेळ असतो, कागदावर तुला ‘सुपरवायझर’ करायचं म्हणजे ओटी मागता येत नाही. सीएनसी मशीनवर उभा राहून जॉब, म्हणजे पार्ट, काढणारा माणूस कागदावर काहीही असो, काम काय करतो ते बघितलं जातं.

ठेकेदाराचं म्हणशील. तू ठेकेदाराच्या नावावर आहेस, कंपनी म्हणते त्याला विचार, तो म्हणतो कंपनीनं बिल दिलं नाही. ह्या दोघांच्या मध्ये चेंडू व्हायचं नाही. ठेकेदारानं पगार दिला नाही तर ती जबाबदारी कंपनीवर येते, ती देऊन त्याच्याकडनं वसूल करायची का नाही ते त्यांचं ते बघतील. म्हणून पत्र दोघांच्या नावानं.

पत्र एक पानाचं. शिव्या नाहीत, गरिबी नाही, आईचं आजारपण नाही. कधीपासून काम करतो, किती राहिले, कसे मोजले, अमुक तारखेपर्यंत द्या, पंधरा दिवस दे. हातात दिलंस तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घे, देत नसतील तर पोस्टानं पाठव. पूर्वी आम्ही रजिस्टर एडी करायचो, ते आता 2025 पासून स्पीड पोस्टातच मिळवलंय, तेव्हा काउंटरवर पोचपावती पाहिजे म्हणून सांग आणि पावती वहीत चिकटव.

भाषेचं. मला माहितीय तुला काय वाटतंय, मराठीतच लिहिणार. हक्क आहे तुझा, घटनेच्या कलम 350 प्रमाणं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, आणि मी एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत तुझ्या जन्माआधीपासून चालतोय, मला कुणी शिकवू नये. पण हे पत्र कन्नडात नाहीतर इंग्रजीत दे. मराठी अर्ज टेबलावर पडून राहिला तर दिवस त्यांचे जात नाहीत, तुझे जातात. आणि तुझ्या लाइनवर हुक्केरीचा पोरगा आहे, बिहारचे दोघं आहेत, त्यांचे पण पैसे राहिलेत ना? मग चौघांनी सह्या करा. मालकाला तुम्ही आपसात मराठी-कन्नड करत बसलेलं फार आवडतं, फुकटात काम होतंय त्याचं.

एकट्यानं गेलास तर काढतील हे पण धरून चाल, खोटं कशाला सांगू. म्हणून पत्र द्यायच्या आधी दुसरीकडं बोलून ठेव, होनग्याला, काकतीला, सीएनसीचा हात असलेल्याला लोक विचारतात. पण रागानं राजीनामा फेकू नको, मशीन बंद करून बसू नको, जॉब खराब करू नको, मोजायचं गेज खिशात घालून आणू नको ("पगाराच्या बदल्यात" म्हणून एकानं आणलेलं, पगार बाजूलाच राहिला आणि चोरीची तक्रार अंगावर आली). स्टेटसला काही टाकू नको. तू कामाला वेळेत जा, तुझी बाजू तिथंच राहते.

ते बोलावतील. चहा सांगतील. मग एक व्हाउचर पुढं येईल, वर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर ‘फुल अँड फायनल मिळाले, काही बाकी नाही’ आणि हातात दहा हजार. हे व्हाउचर मी शेकड्यानं भरलेत. सही करायची तर जेवढे मिळाले तेवढ्याचीच, ‘दहा हजार मिळाले, बाकी येणे आहे’ असं स्वतःच्या हातानं लिहून मग सही, आणि फोटो. कोऱ्या कागदावर कधीच नाही. हप्त्यानं देतो म्हणाले तर घ्यायला हरकत नाही, हट्ट करून काही मिळत नाही, पण तारखा घातलेले चेक घे. चेक परतला तर बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसाच्या आत नोटीस द्यावी लागते, तो दिवस चुकवू नको.

पंधरा दिवसात काही हललं नाही तर लेबर ऑफिस. नवीन कोडप्रमाणं क्लेम करायला तीन वर्षं आहेत, पूर्वी मिनिमम वेजला सहा महिने आणि पगाराला एक वर्षच होतं, त्यात कितीतरी लोक बाद व्हायचे. मूळ रकमेवर दहापट भरपाई देण्याचा अधिकार त्या ऑफिसरला आहे, दहापट मिळतेच असं नाही, बहुतेक वेळा मिटतंच, पण मालकाच्या वकिलाला तो आकडा माहीत असतो. पगार दिला हे सिद्ध करायचं काम पण मालकाचं. वकील परवडत नाही म्हणू नको, कोर्टाच्या आवारात कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, 1987 च्या कायद्यानं कारखान्यातल्या कामगाराला फुकट वकील मिळतो, फोन 15100.

तारखा पडतील, एका तारखेला साहेब मीटिंगला गेलेले असतील, तुझा एक दिवसाचा खाडा वाया जाईल आणि तुला सगळं सोडून द्यावंसं वाटेल. त्या दिवशी घरी येऊन वहीत तो खाडा पण लिही.

रविवारी सकाळी ये, दहाच्या आत, नंतर मी बाजाराला जातो. हुक्केरीच्या पोराला पण आण, कन्नड पत्र त्याच्याकडनंच लिहून घेऊ, मी तपासतो. येताना पासबुक, आयकार्ड आणि हजेरी कार्डाचे फोटो. कार्ड महिना संपला की सुपरवायझर गोळा करतो, तेव्हा फोटो उद्या नको, आज सुटायच्या आधी काढ.

तुझा,
काका