कृष्णवर्णीय लेखकांची बारा पुस्तके वर्षभरात वाचण्याचे आव्हान कसे पूर्ण करावे?

आपण विचारले आहे की, कृष्णवर्णीय लेखकांची बारा पुस्तके एका वर्षात वाचण्याचा संकल्प केला आहे, तर सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी आणि तो अर्ध्यावर सुटू नये म्हणून काय करावे. महिन्याला एक पुस्तक हे गणित कोणालाही जमण्यासारखे आहे, त्यामुळे वेळेच्या नियोजनाविषयी मी लिहीत नाही. परंतु आव्हान पूर्ण झाले हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न माझ्या मनात गेली तीन वर्षे सलत आहे, आणि आपला प्रश्न वाचून तो पुन्हा वर आला.

मी हेच आव्हान एका वाचनगटात घेतले होते. पुस्तके बारा, लेखक कृष्णवर्णीय आणि एका लेखकाचे एकच पुस्तक, एवढेच नियम होते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत माझी अकरा पुस्तके झाली होती आणि बारावे म्हणून मी अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्स यांचे १८६१ सालचे आत्मकथन ‘इन्सिडन्ट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ वाचले. टिपण लिहून दिले. गटाचे संयोजक वयाने आणि वाचनानेही माझ्यापेक्षा मोठे. त्यांनी नोंदवहीतील माझी ती ओळ खोडली आणि सांगितले की, हे आत्मचरित्र नसून एका गोऱ्या संपादिकेने रचलेली कादंबरी आहे, म्हणून ते मोजता येणार नाही. माझ्या नावापुढे ‘अकरा’ असा आकडा राहिला.

ज्यांनी हे पुस्तक वाचले आहे त्यांना ती खोडलेली ओळ मला का लागली हे सांगावे लागणार नाही. नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टन या गावी मालकाच्या छळापासून सुटण्यासाठी जेकब्स आपल्या आजीच्या घराच्या माळ्यावर लपल्या आणि जवळजवळ सात वर्षे तेथेच राहिल्या. तो माळा नऊ फूट लांब आणि सात फूट रुंद होता. छप्पर उतरते असल्यामुळे जिथे सर्वांत जास्त उंची होती तिथेही ती तीन फुटांपलीकडे नव्हती, म्हणजे ताठ उभे राहणे कधीच शक्य नव्हते. अंथरुणावरून उंदीर धावत. एके दिवशी अंधारात चाचपडताना त्यांच्या हाताला एक गिरमिट लागले. त्या गिरमिटाने त्यांनी फळीला भोकांच्या तीन ओळी पाडल्या, मधले लाकूड कोरून काढले आणि इंचभर लांब, इंचभर रुंद असा एक झरोका तयार केला. खाली रस्त्यावर आपली मुले त्यांना त्या झरोक्यातून दिसत, पण त्यांना हाक मारता येत नसे. याच माळ्यावर बसून त्यांनी मालकाला पत्रे लिहिली आणि ती गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील शहरांतून टपालात पडतील अशी व्यवस्था केली, जेणेकरून आपण केव्हाच दूर निघून गेलो असे त्याला वाटावे. १८४२ साली त्या बोटीने उत्तरेकडे निसटल्या.

पुढे न्यूयॉर्कमधील एका कुटुंबात दिवसभर मुले सांभाळून त्यांनी रात्री हे पुस्तक लिहिले. त्याआधी, ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या गोऱ्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांनी ही हकिकत स्वतःच्या पुस्तकात वापरण्याची तयारी दाखवली असता जेकब्स यांनी ती देण्यास नकार दिला होता, कारण आपले आयुष्य आपणच लिहायचे हे त्यांनी ठरवले होते. जिने एवढा आग्रह धरला, तिच्याच पुस्तकाबद्दल पुढे शतकभर ‘हे तिने लिहिलेच नाही’ असे म्हटले गेले. शीर्षकपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते, केवळ ‘स्वतः तिनेच लिहिलेले’ एवढे शब्द आणि संपादिका लिडिया मरिया चाइल्ड यांचे नाव होते, आणि आत सर्व पात्रांची नावे बदललेली होती. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, गुलामगिरीवरील एका गाजलेल्या इतिहासग्रंथानेही हे पुस्तक विश्वासार्ह मानले नाही. अखेर अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी जेकब्स यांची स्वतःची पत्रे आणि इतर कागदपत्रे अभ्यासून लेखिका त्याच आहेत हे सिद्ध केले, आणि १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्यांची सटीप आवृत्ती काढली. त्यानंतर हा वाद उरलेला नाही.

मी हे सर्व टिपून संयोजकांना दाखवले. वर्ष संपले आणि नोंदवही बंद झाली, असे उत्तर मला मिळाले.

मला राग आकड्याचा नव्हता. कृष्णवर्णीय माणसाने लिहिले की आधी त्याच्याकडे पुरावा मागायचा, ही रीत फार जुनी आहे. गुलाम असलेल्या तरुण कवयित्री फिलिस व्हीटली यांचा कवितासंग्रह १७७३ साली निघाला तेव्हा या कविता खरोखर याच मुलीच्या आहेत, अशी बॉस्टनमधील अठरा प्रतिष्ठित पुरुषांच्या नावांची ग्वाही त्यात छापावी लागली. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ सालच्या आत्मकथनालाही दोन गोऱ्या गुलामगिरीविरोधी नेत्यांचे मजकूर आधी जोडलेले आहेत, आणि ‘स्वतः लिहिलेले’ हे शब्द तिथेही आहेत. ज्या आव्हानाचा हेतूच या लेखकांना त्यांच्या स्वतःच्या नावाने वाचणे हा आहे, त्यातच तो जुना संशय न तपासता पुन्हा वापरला जावा, हे मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. म्हणून मी माझे आव्हान पूर्ण झाले असेच म्हणते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळते. सुरुवात टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हड’ने करू नये. ती माझ्या मते अशा कोणत्याही यादीतील सर्वांत श्रेष्ठ कादंबरी आहे, पण तिचे निवेदन वाचकाला सरावल्याशिवाय आत घेत नाही. मला पहिली पन्नास पाने दोनदा वाचावी लागली. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ने सुरुवात करावी. १९७६ सालातील कॅलिफोर्नियामधली एक लेखिका अचानक गृहयुद्धापूर्वीच्या मेरीलँडमधील मळ्यावर जाऊन पडते, अशी तिची कथा आहे आणि ती हातातून सुटत नाही. दुसरे असे की, बाराही पुस्तके गुलामगिरीवरची आणि अमेरिकेतलीच घेऊ नयेत. चौथ्या-पाचव्या पुस्तकाला माणूस थकतो आणि बहुतेकांचा संकल्प तिथेच मोडतो. नायजेरियातील लेखक चिनुआ अचेबे यांची १९५८ सालची कादंबरी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ अधेमधे घ्यावी. जेम्स बाल्डविन यांची ‘जियोव्हानीज रूम’ अवश्य घ्यावी. पॅरिसमध्ये घडणाऱ्या या कादंबरीतील प्रमुख पात्रे गोरी आहेत, आणि त्यामुळे ‘ही चालेल का’ असे आपल्याला कोणीतरी विचारीलच. चालेल. आव्हान लेखकांचे आहे, आणि आपल्या समाजाचे दुःखच लिहावे अशी सक्ती बाल्डविन यांच्यावर कोणी करू शकत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. संपादिका चाइल्ड यांचा हात जेकब्स यांच्या पुस्तकाला अजिबात लागला नाही असे नाही. त्यांनी काही मजकुराचा क्रम बदलला आणि गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे जॉन ब्राउन यांच्यावरील शेवटचे प्रकरण त्यांच्या सूचनेवरून गाळले गेले. आमच्या संयोजकांनीही दुष्टपणाने ओळ खोडली नव्हती, त्यांनी जे जुने वाचले होते त्यावर विश्वास ठेवला होता. आणि गटाचे नियम आपल्याला मान्य असतील तर निकालही त्यांचाच, हे धरूनच नाव नोंदवावे. मी ते धरले नव्हते. लैंगिक छळाची वर्णने सोसत नसतील तर जेकब्स यांचे पुस्तक आव्हानाच्या घाईत वाचू नये, स्वतंत्रपणे सावकाश वाचावे.

ते घेणार असाल तर येलिन यांच्या टिपा असलेली आवृत्तीच मिळवावी. बदललेल्या नावांमागची खरी माणसे त्या टिपांत भेटतात. मात्र पहिल्या वाचनात टिपा उघडू नयेत, आणि माळ्याचे प्रकरण तर एका बैठकीतच वाचावे.