परवडणारे, पण कोणाला?

सांगलीच्या एका वाचकभगिनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या महागड्या भागांतील घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करीत आहेत आणि त्या त्याच्या शीर्षकातल्या 'अफोर्डेबल वर्कफोर्स रेंटल हाउसिंग' या शब्दसमूहापाशी अडल्या आहेत. यंत्राने त्यांना 'परवडणारे कार्यबल भाडे गृहनिर्माण' असे उत्तर दिले, तर एका परिचितांनी 'किफायतशीर कामगार भाडेघरे' असे सुचविले. दोन्ही रूपे कानाला खटकतात, पण का खटकतात ते सांगता येत नाही, असे त्यांनी कळविले आहे. सरकार अशा घरांसाठी जो पैसा देते त्याला 'अनुदान' म्हणावे काय, असा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

आधी 'किफायतशीर' हा शब्द पाहू, कारण त्याची परीक्षा सांगली-सातारा भागात जितकी चोख होते तितकी दुसरीकडे क्वचितच होईल. उसाच्या एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरविलेल्या किमान ऊसदराचे, मराठी रूप 'रास्त व किफायतशीर दर' असे आहे आणि ते आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिथे किफायत कोणाची? ऊस विकणाऱ्याची. खर्च वजा जाऊन चार पैसे हाती उरावेत, असा दर म्हणजे किफायतशीर दर. जाहिरातींमध्ये 'किफायतशीर दरात भोजन' असेही छापतात आणि तिथे किफायत गिऱ्हाइकाची असते, हे मान्य करावे लागेल. परंतु जो शब्द विकणाऱ्याच्याही बाजूने बोलतो आणि घेणाऱ्याच्याही, तो घरभाड्याच्या संदर्भात वापरला तर कारखान्याला ऊस घालणारा वाचक 'किफायतशीर भाडेघर' याचा अर्थ घरमालकाला चांगले उत्पन्न देणारे घर असाच करील, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

'रास्त' या शब्दाची अडचण वेगळी आहे. रास्त भाव वस्तूच्या मोलाशी जुळणारा असतो. घेणाऱ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध नसतो. महाबळेश्वरात जागेची टंचाई, २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून बांधकामावर असलेले निर्बंध आणि पर्यटकांचा ओघ हे सगळे हिशेबात धरले, तर तिथल्या एका खोलीचे भाडे रास्त ठरूही शकेल. पण त्याच गावच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्याला ते परवडेल, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

म्हणून 'परवडणारे' हाच शब्द ठेवावा. तो ठेवताना त्याचे व्याकरण मात्र विसरू नये, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म माझ्या मते तिथेच आहे. 'परवडणे' या क्रियापदाला चतुर्थीतला माणूस लागतो. मला परवडते, तुम्हाला परवडत नाही, त्यांना कसे परवडते कोण जाणे. नुसते 'घर परवडते' हे वाक्य अपुरे आहे. ऐकणारा लगेच 'कोणाला?' असे विचारतो. सरकारी योजनांच्या नावांत आणि बांधकाम व्यावसायिकांच्या फलकांवर 'परवडणारी घरे' हा प्रयोग रुळला, त्यात हा माणूस गळाला आणि विशेषण जणू घराचाच एखादा गुण असावा तसे वागू लागले. लाल घर, दुमजली घर, परवडणारे घर. लाली घराला असते, मजलेही घराला असतात. परवडणे मात्र घर आणि माणूस यांच्यामध्ये असते.

गंमत अशी, की आपला इंग्रजी शब्दसमूह त्या गळालेल्या माणसाला परत आणतो. 'वर्कफोर्स' हा शब्द तिथे घराचा प्रकार सांगत नाही, ते घर कोणाला परवडावे हे सांगतो. यंत्राने 'कार्यबल' हा हिंदी वळणाचा शब्द उचलून त्याला मधल्या डब्यासारखा जोडला आणि मराठीत ज्याला '-ना' प्रत्यय हवा होता, तो उघड्यावर पडला. 'कामगारांना परवडणारी भाड्याची घरे' असे म्हणून पाहावे. तीन नामांचा ढीग नाहीसा होतो आणि वाक्य चालू लागते.

आता 'कामगार' हा शब्द पुरेसा आहे का, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भाड्याची घरे बांधणाऱ्यांना १९८६ पासून करसवलत मिळते. अशा घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे त्या परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपाशी ठेवलेली आहे. (दहावीच्या सांख्यिकीत भेटणारा 'मध्यक', म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, तो हाच. 'सरासरी' लिहिल्यास चूक होईल, कारण दोन-चार धनाढ्यांमुळे सरासरी फुगते, मध्यक सहसा फुगत नाही.) बॉस्टनसारख्या महाग शहरात शिक्षिका, परिचारिका, बसचालक यांचे उत्पन्न त्या मर्यादेच्या थोडे वर जाते, म्हणून सवलतीचे घर मिळत नाही, आणि बाजारभावाचे भाडे झेपत नाही. या मधल्यांसाठी मॅसॅच्युसेट्सच्या गृहवित्त संस्थेने २०१६ मध्ये १० कोटी डॉलरचा निधी काढला आणि मध्यक उत्पन्नाच्या ६१ ते १२० टक्क्यांपर्यंतची कुटुंबे हे त्याचे लक्ष्य ठरविले. अर्थात 'वर्कफोर्स' म्हणजे इथे गिरणीचा किंवा कारखान्याचा कामगार नव्हे, आणि गरिबातला गरीबही नव्हे. आपल्या सरकारी परिभाषेतल्या 'अल्प उत्पन्न गट' आणि 'मध्यम उत्पन्न गट' यांच्या सीमेवर तो कुठेतरी बसेल. 'कामगार' लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे कुपवाडची औद्योगिक वसाहत येईल, शाळेतल्या बाई येणार नाहीत. म्हणून मी 'नोकरदार' किंवा जिथे दोन्ही अर्थ हवेत तिथे 'नोकरदार-कामगार' असे सुचवीन. 'श्रमिक' सभेत शोभतो, 'मनुष्यबळ' तर कर्मचारी विभागाच्या फायलीतून बाहेरच पडत नाही.

'वसाहत' शब्दावरून एक आठवले. पलूस तालुक्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा कारखाना आणि कामगारांची घरे एकाच माळावर आली. ती शब्दाच्या पुऱ्या अर्थाने वसाहत होती. नंतर आपण 'औद्योगिक वसाहत' म्हणू लागलो ती अशी जागा, जिथे यंत्रे वसतात आणि संध्याकाळी माणसे खोली शोधत गावात जातात.

मी वाईला राहतो. विश्वकोशाचे कार्यालय असलेल्या या गावात शब्दांची कमतरता नाही, तरी या शब्दाचे उत्तम उदाहरण मला एसटीत मिळाले. सकाळच्या गाडीने हॉटेलांत आणि निवासी शाळांत काम करणारी मंडळी पसरणी घाटाने पाचगणीला जातात. शेजारी बसलेल्या एका आचाऱ्याला मी विचारले की वरच का राहत नाही. मांडीवरची डब्याची पिशवी सावरत तो म्हणाला, "वर खोली घ्यायची म्हणजे निम्मा पगार तिथंच जातोय. त्यापेक्षा रोज घाट चढलेला परवडला." या 'परवडला'मध्ये पैशाखेरीज आणखी काही आहे. दोन त्रासांपैकी सोसण्याजोगा त्रास निवडला, असा तो प्रयोग आहे आणि कोणत्याही इंग्रजी कोशात त्याला एका शब्दात प्रतिशब्द सापडणार नाही. अमेरिकेत घराचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असला तर ते परवडणारे मानण्याचा संकेत आहे. आचाऱ्याने कोणताही संकेत न वाचता 'निम्मा' या शब्दावर बोट ठेवले.

हेच क्रियापद दुसऱ्या बाजूलाही तितकेच लागू पडते, आणि इथे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. शेतकरी 'शेती परवडत नाही' म्हणतो, तेव्हा ती विकत घेणे परवडत नाही असे त्याला म्हणायचे नसते. घातलेले निघत नाही, असे म्हणायचे असते. तसेच महाग जागेवर इमारत बांधून ती कमी भाड्याने देणे बांधणाऱ्याला परवडत नाही. भाडे वाढविले तर राहणाऱ्याला परवडत नाही. या दोन 'परवडत नाही'मधली फट सरकारी पैशाने बुजवायची, हे या योजनांचे सारे गणित आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी वसतिगृहाच्या धर्तीवर भाड्याची घरे खासगी भागीदारीतून बांधण्याचा मनोदय सांगितला गेला, त्यातही या फटीसाठी निधी होता. 'व्हायेबिलिटी गॅप फंडिंग' या त्याच्या नावाचे 'व्यवहार्यता तफावत निधी' असे भाषांतर करतात. ते चूक नाही, पण लेखात 'तूट भरून काढणारा निधी' असे लिहिल्यास वाचकाला दोनदा वाचावे लागणार नाही.

'अनुदान' मात्र सरसकट वापरू नये. ठिबकचे अनुदान मिळाले म्हणजे ते परत करायचे नाही, हे आपल्याकडे पक्के झाले आहे. मॅसॅच्युसेट्सच्या निधीतला पैसा कर्जाच्या रूपाने जातो, आणि फेडीच्या क्रमात तो मुख्य कर्जाच्या मागे उभा राहतो. त्याला 'अनुदान' म्हटले तर वाचकाचा गैरसमज होईल. अनुदान, सवलतीचे कर्ज आणि करसवलत या तिन्हींना पोटात घेणारा शब्द हवा असेल तर 'अर्थसाहाय्य' आहे. (मदत या अर्थी 'साहाय्य' लिहावे, 'सहाय' म्हणजे मदतनीस.)

'गृहनिर्माण' या शब्दात बांधण्याची क्रिया आहे, राहण्याची नाही. भाड्याच्या घरांविषयी बोलताना साधे 'घरे' पुरते. 'भाडेतत्त्वावरील' हा सरकारी शब्द चालेल, पण त्यात तत्त्व असे काही नसते, 'भाड्याची' म्हणावे. 'कूळ' आणि 'कुळवहिवाट' हे शब्द शेतजमिनीसाठी राखून ठेवावेत, कारण कूळ म्हटले की कसेल त्याची जमीन हा कायदा आठवतो आणि भाडेकरूला घराची मालकी देण्याचा विचार या योजनेत नाही. 'महागडे भाग' हे वाचायला ठीक वाटले तरी महागडी वस्तू असते. भागाबद्दल बोलताना 'घरभाडी चढी असलेल्या भागांत' असे लिहावे.

आपल्या लेखाचे शीर्षक त्यामुळे असे होईल: 'घरभाडी चढी असलेल्या भागांत नोकरदारांना परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी सरकारी अर्थसाहाय्य'. ते लांब आहे, हे मला दिसते. संपादकांनी कात्री लावलीच तर 'सरकारी' जाऊ द्यावा, फार तर 'घरभाडी चढी असलेल्या भागांत' हेही पोटमथळ्यात न्यावे. 'नोकरदारांना' मधला '-ना' तेवढा कापू देऊ नये.