पूल-रस्ते एकदाच बांधतात, मग त्यांचा हवामान बदलाशी संबंध कसा?

गाड्यांचा धूर रोजचा, पूल मात्र एकदाच बांधतात, मग बांधकामाला कशाला धरता, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात बांधकामाचीच कामं घेतो, म्हणून लिहितोय.

गाडी बदलता येते, बसनं जाता येतं. पुलाच्या स्लॅबचं तसं नाही. त्या पुलावर पहिली गाडी चढायच्या आधीच त्याचा बराचसा कार्बन हवेत गेलेला असतो.

सिमेंटच्या भट्टीत कोळसा जळतो म्हणून धूर, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. भट्टी 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, ते खरंच. पण निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून सुटतो. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना हाती राहतो, 44 किलो वायू उडून जातो. उद्या भट्टी सौर विजेवर चालवली तरी हे 44 किलो सुटणारच. म्हणून तर जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या सिमेंटचा वाटा 7-8 टक्क्यांच्या घरात आहे. पोलादाचाही जवळपास तेवढाच.

आता आमच्या बेळगावच्या वडगावातली एखादी काँक्रीटची गल्ली घ्या. 100 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 20 सेंटीमीटर जाड. काँक्रीट झालं 80 घनमीटर. घनमीटरला 350 किलो धरलं तर 28 टन सिमेंट, म्हणजे 560 पोती. साधं ओपीसी, म्हणजे नेहमीचं पोर्टलँड सिमेंट असेल तर 22 टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. अशी एक गल्ली मी केली होती. दोन वर्षांच्या आत पाण्याची लाईन टाकायला ती मधोमध फोडली. आधी पाईप, मग काँक्रीट, एवढा क्रम पाळायला काय लागतं? आजही तिथनं जाताना पोटात कालवतं.

दुसरी बाजू पाण्याची. हवा एक अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळं पाऊस कोसळतो तो जोरानं. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातली भाताची खाचरं ते पाणी धरून ठेवतात. त्यांतनं भराव टाकून रस्ता नेला तर पाण्यानं जायचं कुठं? ह्याच शिवारातनं जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा तो निव्वळ जमिनीचा तंटा आहे असं मला कधी वाटलं नाही.

रस्ते नकोत असं माझं म्हणणं नाही. खानापूरच्या जंगलातल्या गावांना पूल हवेतच, पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं तिथं. पण जे बांधाल ते टिकेल असं बांधा, आणि जुनं दुरुस्त होत असेल तर पाडू नका.

तुमचं स्वतःचं काम निघालं असेल तर गवंडी 53 ग्रेडचं, म्हणजे लवकर ताकद धरणारं ओपीसीच मागेल, कारण सेंट्रिंग (स्लॅबखालचा आधाराचा साचा) लवकर काढता येतं. तुम्ही स्लॅगचं सिमेंट मागा. पोलाद कारखान्यातली धातूची मळी, म्हणजे स्लॅग, दळून घातल्यानं त्यात क्लिंकर (भट्टीत चुनखडी भाजून होणारे सिमेंटचे खडे) बराच कमी लागतो. ते सुरुवातीला सावकाश घट्ट होतं, म्हणून सेंट्रिंग घाईनं काढू देऊ नका आणि सातऐवजी निदान दहा दिवस पाणी मारा.