घरी केलेला चॉकलेट फज रवाळ का होतो?

तुम्ही विचारलंय की घरचा चॉकलेट फज एकदा रवाळ होतो, एकदा घट्टच होत नाही, तर लोणावळ्याला मिळतो तसा मऊ फज घरी जमतो का. जमतो. मला जमायला बरीच वर्षं लागली, कारण मी त्याला केकच्या घराण्यातला समजत होते. फज ही वडी आहे हो! आल्याच्या, नारळाच्या वडीसारखा सगळा खेळ पाकाचा. हे मला आईने सांगितलं, तेही वैतागून.

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातले. मे महिन्याची सुट्टी म्हणजे लोणावळ्याला तीन दिवस, बाबांच्या कंपनीच्या हॉलिडे होममध्ये. बरोबर वातींचा स्टोव्ह आणि डाळ-तांदूळ, कारण आजीला बाहेरचं चालायचं नाही. वळवण धरणापर्यंत पायी जायचं, राजमाची पॉइंटला माकडांपासून कणीस वाचवायचं आणि परतीच्या दिवशी बाबांबरोबर स्टेशनाजवळच्या कूपरच्या दुकानात जायचं. अक्रोडाचा फज, पाव किलो. चिक्की शेजाऱ्यांना वाटायला, फज आपल्याला, असा घरचा सरळ हिशेब होता.

खंडाळा मागे पडल्याशिवाय खोका उघडायचा नाही, हा आईचा नियम. मंकी हिलला गाडी ब्रेक तपासायला थांबली की ती दोरा सोडायची. पुढे बोगदेच बोगदे. दिवसा डब्यातले दिवे बंद असायचे, त्यामुळे आत शिरलं की मिट्ट काळोख, पोरांचा आरडाओरडा, आणि उजेडात आलो की खोक्यातली एक वडी कमी. दादा आपला खिडकीशी बसून बोगदे मोजतोय. कर्जतला वडे घ्यायला बाबा उतरायचे तेव्हा खोक्यात बहुतेक चुराच उरलेला असायचा.

तर कॉलेजात असताना मी हा फज घरी करायला घेतला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. मिश्रण गॅसवरून उतरवलं आणि गरम असतानाच जोरजोरात घोटलं. तासाभरात ताटात चॉकलेटी वाळू. आईने चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाली, "पाक शांत होऊ दिला नाहीस. साखर आली याला."

तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. उकळलेल्या पाकात साखर मावेल त्याहून जास्त विरघळलेली असते आणि ती पुन्हा स्फटिक व्हायला टपलेलीच असते. गरमपणी ढवळलं तर मोजकेच स्फटिक तयार होतात आणि ते मोठे होत जातात. जिभेला लागतो तो रवा हाच. कोमट झाल्यावर घोटलं की असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात, जिभेला कळतही नाहीत. म्हणून मऊ.

माझं प्रमाण असं: साखर ४०० ग्रॅम, कोको ४५ ग्रॅम, सायीसकट दूध २४० मिली, लिक्विड ग्लुकोज एक मोठा चमचा, मीठ चिमूटभर. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. उकळी आली की ढवळणं थांबवा. पातेल्याच्या कडेला चिकटलेली साखर ओल्या ब्रशने पुसून घ्या, कारण तिथला एक कण आत पडला तरी सगळा पाक बिघडू शकतो. ग्लुकोज वगळू नका, ते साखरेला गोळा होऊ देत नाही. (लिंबू पिळू नका, दूध फाटेल.)

पाक गोळीबंद हवा. वाटीभर गार पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी व्हावी आणि बाहेर काढून बोटांत धरली की ती चपटी व्हावी. थर्मामीटर असेल तर ११२ ते ११४ अंश सेल्सिअस. आधी तो उकळत्या पाण्यात बुडवून बघा, ठाण्यात १०० दाखवायला हवा. गंमत म्हणजे लोणावळा ६०० मीटरहून उंच असल्यामुळे तिथे पाणीच दोनेक अंश आधी उकळतं, म्हणून तिथे फजही तितकाच आधी उतरवायचा. माझ्या एका मैत्रिणीने तिथल्या बंगल्यावर ठाण्याचे आकडे पाळले आणि टॉफी करून ठेवली. आपल्याकडे पावसाळ्यात मात्र मी ११४ च्या खाली उतरवत नाही, साखर हवेतलं पाणी ओढते.

उतरवल्यावर ४० ग्रॅम लोणी आणि चमचाभर व्हॅनिला वरून घालायचं आणि हात लावायचा नाही. अजिबात नाही. पातेल्याचं बूड तळहाताला सोसवेल इतकं, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास येईपर्यंत. तासभर जातो, तेवढ्यात अक्रोड भाजून घ्या. मग लाकडी चमच्याने घोटा. दहा-पंधरा मिनिटं दंड भरून येतात. चकाकी गेली आणि मिश्रण जड झालं की अक्रोड घालून लगेच तूप लावलेल्या ताटात थापा. इथे अर्ध्या मिनिटाचा उशीरही महागात पडतो. १८८८ साली अमेरिकेतल्या व्हासर कॉलेजात एमेलिन हार्ट्रिज नावाच्या विद्यार्थिनीने कॉलेजातल्या लिलावासाठी ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो फज केला होता. फज घोटताना मला ती बाई हमखास आठवते.

कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवून दहा मिनिटांत होतो तो प्रकारही चांगला लागतो, वाढदिवसाला मी तोच करते. पण त्यात पाक नाही, म्हणून तोंडात टाकल्यावर तो कूपरसारखा विरघळत नाही, दातांना चिकटतो.

रवाळ झालेला फज टाकून देऊ नका. अर्धा कप दूध घालून परत मंद आचेवर विरघळवा आणि पुन्हा गोळीबंद करा. घट्ट झाला नसेल तरी हाच उपाय. अक्रोड आधीच घातले असतील तर ते मऊ पडतील, पण वडी वाया जाणार नाही. माझी ती जुलैतली वाळू आईने अशीच परत चुलीवर ठेवून सुधारली होती, आणि दादाने, या वेळी बोगदा नसतानाही, अर्धं ताट संपवलं होतं.