मांजर वळलं साठ अंशांत

"मॅडम, ह्याचा मोबाईल सुटतच नाही. सातवीत गेलाय, भूमितीत पास होता होता नाकी नऊ येतात. काढून घेतला तर जेवत नाही." ओंकारची आई (नाव बदललं आहे) एका दमात बोलून गेली. ओंकार खुर्चीच्या काठावर बसून बुटाची लेस बोटाला गुंडाळत होता.

मी समुपदेशक, पण पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. रोज एक तास, जेवताना बंद, असं वेळापत्रक मी लिहून दिलं. चौथ्या दिवशी ते बारगळलं. घरात मोबाईल एकच, तोही आईचा. ती घरी शिवणकाम करते, गिऱ्हाइकांचे फोन, ब्लाउजच्या डिझाइनचे फोटो सगळं त्याच्यावर. वेळापत्रक चालणार कसं? हे मी आधी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी किती तास हे विचारलंच नाही. "काय बघतोस ते दाखव," म्हटलं. दुसरी मुलं गेम खेळतात त्याचे व्हिडिओ. स्वतः खेळणंही नाही, नुसतं बघणं.

"आणि गेम तुलाच बनवायचा असेल तर?"

लेस सुटली.

माझ्या लॅपटॉपवर स्क्रॅच आहे, म्हणजे मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, पडद्यावरचं मांजर त्याप्रमाणे वागतं. अमेरिकेत एमआयटी ह्या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते 2007 मध्ये आणलं. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. त्या गटाचं नाव 'लाइफलाँग किंडरगार्टन', म्हणजे आयुष्यभराची बालवाडी. मला तर ह्या नावातच निम्मं समुपदेशन दिसतं.

ओंकारला म्हटलं, समभुज त्रिकोण काढ. कोन साठचा हे त्याला पाठ होतं. शंभर पावलं चाल, साठ अंश वळ, असं तीनदा. मांजराने वाडग्यासारखी उघडी आकृती काढली.

"कॉम्प्युटर खराब आहे."

"बरं, तूच मांजर हो."

तो उठला, फरशीवर चालला, कोपऱ्याशी थांबला, अंग वळवलं, पुन्हा मागे आला. दोन-तीनदा असंच. मग म्हणाला, "आत साठ उरायला पाहिजे ना... मग वळायचं एकशेवीस!" ठोकळ्यातला आकडा बदलला, त्रिकोण जुळला. मी काहीच सांगितलं नव्हतं. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांसोबत 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही कॉम्प्युटरची भाषा केली. पुढे तिच्यात पडद्यावर कासव चालू लागलं. मुलाने कासवाच्या जागी स्वतःला ठेवून विचार करावा, हाच त्यांचा आग्रह. स्क्रॅचचं मांजर त्याच वाटेवरचं.

पालक मला विचारतात, मग स्क्रीन चालेल ना? बघण्यात गेलेला तास आणि बनवण्यात गेलेला तास एकाच मापाने मोजू नका, एवढंच मी सांगते. मात्र पोराला ॲप टाकून देऊन आपण सीरियल लावली, तर आठवड्यात ते परत व्हिडिओंकडे जातं. शेजारी बसा. येत नसेल तर फारच उत्तम, त्याला शिकवू द्या. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर ठोकळे हाताळणं जिकिरीचं होतं. ओंकारला मामेभावाचा जुना लॅपटॉप मिळाला. केलेलं काम ऑनलाइन टाकायची घाई नको, तिथे अनोळखी लोकांच्या प्रतिक्रियाही येतात.

महिन्याभराने दोघं आली. व्हिडिओ सुटलेले नव्हते, कमी झाले होते. ओंकारने सहा पाकळ्यांचं फूल काढलं होतं. आईने आठ मागितल्या, तेव्हा ह्याने ऐंशी अंश टाकून सगळी गिचमिड केली म्हणे.

"मी म्हटलं, अरे, आठ कळ्यांचा घागरा बेतते तेव्हा पुरा घेर आठात वाटते. तुझा पुरा घेर किती?"

"तीनशे साठ," ओंकार मध्येच म्हणाला. "पंचेचाळीस आलं."

मग आईने पिशवीतून मापांची वही काढली. "मॅडम, घेर आणि उंची टाकली की कापड किती लागेल, हे ह्याच्यावर निघेल का हो?"

मी उत्तर द्यायच्या आधी ओंकारने लॅपटॉप उघडला होता. "आई, माप सांग."